काकूंना फिक्यातलं दाखव रे!

बाईची पन्नाशी उलटल्याचं तिला स्वतःला कळायच्या आधी साडीच्या दुकानातल्या माणसाला कळतं. घरातला आरसा सांभाळून बोलतो, नवऱ्याचं लक्ष नसतं, केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या लावायला मुलगी विसरते. गादीवर बसलेला तो पंचविशीतला पोरगा मात्र तुम्ही चपला काढून आत येईपर्यंत सगळा हिशेब मांडून मोकळा होतो आणि आतल्या बाजूला हाक मारतो, "काकूंना फिक्यातलं दाखव रे!"

नणंदेच्या मुलाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. मी वराची मामी. मामाच्या शेजारी स्टेजवर उभं राहायचा मान असल्यामुळे पैठणी घ्यायची ठरली, आणि ती राणी कलरची घ्यायची हे मी मनाशी फार वर्षांपूर्वी ठरवलेलं होतं. माझ्या लग्नात हा रंग हुकला. माहेरच्यांनी पिवळी घेतली, सासरच्यांनी हिरवी आणि रिसेप्शनला आत्याच्या पसंतीची आमसुली. पुढे फ्लॅटचे हप्ते आले, मुलीची फी आली, आणि राणी कलर दर वर्षी पुढच्या दिवाळीवर जात राहिला.

"राणी कलरमध्ये पैठणी दाखवा," मी म्हटलं.

"ताईंसाठी का?" त्यानं माझ्या मुलीकडे बघत विचारलं.

"माझ्यासाठी."

तो क्षणभर थांबला. मग अतिशय मायेनं म्हणाला, "काकू, यात एक फार ग्रेसफुल पीस आलाय बघा." ग्रेसफुल पीस बदामी निघाला. त्यानंतर सोबर पीस आला, तो मोतिया होता. मग डिसेंट पिस्ता. सगळ्यात शेवटी त्यानं 'एलिगंट' म्हणून जी साडी उलगडली, तो रंग गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं जिन्याला दिलाय. ही चार विशेषणं एका बैठकीत कानावर आली की बाईनं समजावं, आपल्याला शोकेसमधून गोदामात हलवलं.

"राणी," मी पुन्हा म्हटलं.

"आहे काकू, राणीपण आहे. पण तो कसा ना, उठून दिसतो."

"म्हणूनच."

नाइलाजानं राणी कलर बाहेर आला. आता तो दाखवायचा कसा? तर त्या दुकानातला सगळ्यात जुना माणूस, पन्नाशीचा, झुबकेदार मिशांचा, कानावर पेन अडकवलेला, पुढे आला आणि त्यानं सराईतपणे निऱ्या घालून ती पैठणी स्वतःच्याच शर्टपँटवर नेसून पदर खांद्यावर टाकला. नारळी काठ, पदरावर मोर आणि मुनिया. मी खोटं बोलणार नाही, तो माणूस फार सुंदर दिसत होता. आणि त्याच्या वयाला हा रंग शोभतो का, असं त्याला त्या दुकानात कुणीही विचारलं नाही.

"येवल्याची आहे ताई, हातमागावरची," मिशांखालून तो म्हणाला. "महिने लागतात एकेकीला. २०१० सालापासून जीआय टॅग आहे पैठणीला." मला तो ताई म्हणाला. पैठणी मी तिथेच घेतली.

मराठी घरांत 'वयाला शोभेल असं' बघणारी एक समिती असते. तिची निवडणूक होत नाही, मुदत संपत नाही आणि कोरमला एक बाई पुरते. मी स्वतः तिची जुनी सभासद आहे. सोसायटीच्या गणपतीत कोण कितव्या वर्षी ब्लाउजला किती लटकनं लावून आलं, याच्या नोंदी माझ्याकडे चोख आहेत. नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पंचेचाळिशीनंतर केस मोकळे सोडले तर "न्हायलीस का गं?" असं विचारायचं. गडद लिपस्टिक लावली तर लिपस्टिककडे न बघता ओठांकडे बघत बोलायचं. पन्नाशीची बाई नटली तर "आज काय विशेष?" आणि नाही नटली तर "बरं नाही का?" या दोन प्रश्नांच्या मधे जी काही फट उरते, तेवढ्यात तिनं राहायचं.

सिनेमावाल्यांना हे फार आधी कळलं होतं. लक्सच्या जाहिरातीत झळकलेली आपली पहिली तारका म्हणजे लीला चिटणीस, साल १९४१. आणि १९४८च्या 'शहीद'मध्ये त्याच लीलाबाई दिलीपकुमारच्या आई. सात वर्षांत साबणावरून थेट देवघरात. दिलीपकुमार त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी लहान, पण ते पुढे कितीतरी वर्षं बागेत गाणी म्हणत राहिले.

पुरुषांचं असंच असतं. माझ्या नवऱ्याचे कल्ले पांढरे झाले तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या बायकांनी त्याला रुबाबदार म्हटलं. तेव्हापासून तो कल्ल्यांना हात लावत नाही. मिशा मात्र दर पंधरवड्याला काळ्या करतो, माझ्या डायनं आणि माझ्याच ब्रशनं. त्याबद्दल समितीची बैठक अजून भरलेली नाही.

डायचं एकदा बोलून टाकते. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. ऐकायला काही नाही, पण भांगात तेवढं अंतर म्हणजे हमरस्ता. मार्च २०२०मध्ये पार्लरं बंद झाली आणि जूनमध्ये तोंडाला मास्क लावून दूध घ्यायला खाली उतरलेल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना एकमेकींची खरी वयं भांगावरून कळली. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी त्या वर्षी डाय सोडला तो सोडलाच. नातेवाइकांत फोनाफोनी झाली: घरात काही झालंय का? जाऊबाईंना आता भांगातली एक रुपेरी बट मिळालीय आणि ती त्या बोलताना अशी काही मागे सारतात की समोरच्यानं मुद्दा विसरावा.

"तूही सोड की," नवरा मला म्हणाला. "झीनत अमान बघ पांढऱ्या केसांत कसली दिसते."

"तिच्यामागे फोटोग्राफर असतो. माझ्यामागे कुकर."

तेव्हा मी अजून डाय लावते. कधी हौसेनं, कधी कंटाळत, कधी अर्ध्या डोक्यालाच, कारण उरलेला कुणाच्या तरी मिशांना गेलेला असतो.

लग्नाच्या तयारीत पार्लर ओघानं आलंच. तिथली मुलगी बावीस वर्षांची. तीस वर्षं ओलांडलेल्या सोसायटीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, तेव्हा तो इंजिनिअर जसा भिंती ठोकत, मान हलवत फिरतो, तशी ती माझ्या चेहऱ्यावरून फिरली. "टॅनिंग. पिगमेंटेशन. ओपन पोअर्स. इथे थोडं सॅगिंग. आयब्रोज विरळ झाल्यात मॅम."

"आणि हनुवटीवर?"

"तिथे ग्रोथ छान आहे."

हा हनुवटीवरचा केस म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. काल संध्याकाळी नसतो, आज सकाळी दीड इंच असतो. घरातल्या एकाही आरशात तो दिसत नाही. दिसतो रिक्षाच्या आरशात, भर उन्हात, सिग्नलला, आणि तेव्हा पर्समध्ये छत्रीपासून ओव्याच्या पुडीपर्यंत सगळं असतं, चिमटा नसतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, इस्ट्रोजेन कमी होतं ना, त्यामुळे. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास थांबते, पुढेमागे होतं, घाबरायचं कारण नाही. भुवयांचे केस जायचे आणि हनुवटीला यायचे, ही बदली कुणाच्या सहीनं होते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मुलीनं माझी त्वचा दत्तक घेतली. बाथरूमच्या फळीवर बाटल्या आल्या. सकाळी व्हिटॅमिन सी, वर सनस्क्रीन, रात्री रेटिनॉल, पण एक दिवसाआड, नायसिनामाइड कधीही. मला सगळं पटलं. अडचण एवढीच की चाळिशीनंतरच्या त्वचेसाठी बनवलेल्या या बाटल्यांवरची अक्षरं चाळिशीआधीच्या डोळ्यांसाठी छापलेली असतात. चष्मा लावावा तर चेहऱ्याला काही लावता येत नाही, काढावा तर काय लावतोय ते दिसत नाही. काजळाचंही तेच. एका रात्री मी डोळ्यांखाली अत्यंत हलक्या हातानं, अनामिकेनं, वरच्या दिशेला जे चोळलं, ते टाचेच्या भेगांचं मलम होतं. सकाळी त्वचा खरोखर मऊ लागली. मी कुणाला सांगितलं नाही, पण ट्यूब फळीवर पुढे सरकवून ठेवली आहे.

आता ब्लाउज.

आमचे टेलरमास्तर ठाण्यात गावदेवीच्या मागच्या गल्लीत बसतात. त्यांच्याकडे जायचं तर मापाचं ब्लाउज लागतं. हे ब्लाउज प्रत्येक बाईकडे असतं. ते घालायचं नसतं, फक्त टेलरकडे न्यायचं आणि परत आणायचं. माझं २००९ सालचं आहे आणि आतल्या शिवणी वेळोवेळी उसवून ते काळाबरोबर आणलेलं आहे. मास्तरांनी ते उलटं केलं, उजेडाकडे धरलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काकू, यातली माया संपली आता. नवीन माप घ्यावं लागेल."

मास्तर माप घेतात आणि आतल्या पोराला ओरडून सांगतात. आकडे पडदा ओलांडून बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांपर्यंत जातात, तिथून रस्त्यावर.

"जरा हळू बोला."

"हळू बोललं की पोरगं चुकीचं लिहितं. मग तुम्हीच येता बोंबलत. गळा?"

"मागून खोल."

"पाच बोटं?"

"अजून."

मास्तरांनी एक बोट वाढवलं. "बाही? कोपरापर्यंत?"

"नको."

"मग मेगा?"

"बाहीच नको. स्लीव्हलेस."

शिलाई मशीन थांबलं. बाहेरच्या बाकावरची कुजबुजही थांबली. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली.

"साहेबांना विचारलंत?"

"साहेबांना घालायचं नाहीये ते."

"तसं नाही. हॉलला एसी असतो. गार वाजेल तुम्हाला."

माझ्या दंडांबद्दल माझ्या मनात काही भ्रम नाहीत. कुणाला हात हलवून टाटा केलं तर हात थांबल्यावरही दंड थोडा वेळ निरोप देत राहतो. पण पंचविशीत, जेव्हा हे दंड बघण्यालायक होते, तेव्हा आईनं बाह्या शिवल्या. पस्तिशीत मुलीच्या शाळेतल्या बाई काय म्हणतील म्हणून मीच शिवल्या. आता आई नाही, बाई निवृत्त झाल्या, आणि मला गरम होतं. याहून मोठं कारण मास्तरांना देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

आठवड्यानं ब्लाउज आणायला गेले तर त्याला दोन इंचांच्या चिमुकल्या बाह्या.

"मास्तर, हे काय?"

"तुम्ही त्या दिवशी तिरीमिरीत बोललात असं वाटलं. म्हणून जराशी ठेवली. नको असेल तर कापता येते. कापल्यावर परत येत नाही."

"कापा."

"बघा हं."

"कापा!"

त्यांनी मुंढ्यापाशी खडूनं खूण केली, कात्री घेतली, पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि कापली. मग आतून अस्तर दुमडून पायपिंग लावता लावता म्हणाले, "स्लीव्हलेसची शिलाई पन्नास रुपये जास्त पडते." ज्या बाहीचं कापडच वाचलं, तिचे पैसे जास्त का, हे मी विचारलं नाही. त्यांच्याही मनाला लागलं असणार.

घरी घालून दाखवलं. मुलगी म्हणाली, "आई, एकतर राणी कलर, नाहीतर स्लीव्हलेस. दोन्ही एकदम?" ही मुलगी स्वतः गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून बँकेत जाते. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं, बराच वेळ बघितलं आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "बाही राहिली का शिवायची? मास्तर हल्ली फार हलगर्जी झालेत."

खरं सांगायचं तर मला जो काही धीर आलाय, तो या घरातून आलेला नाही. तो आला लेडीज डब्यातून. ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या गाडीचा बायकांचा डबा ज्यानं पाहिला नाही, त्यानं बाईच्या मध्यमवयावर बोलू नये. इथे ट्रेझरीत हेडक्लार्क असलेली बाई ठाण्याला गाडी उभी असेपर्यंत वरचा ओठ रंगवते आणि खालच्यासाठी मुलुंडची वाट बघते. आरसा नाही, बसायला जागा नाही, एका खांद्यावर दुसऱ्याच कुणाची पर्स, आणि रेघ मात्र जराही हलत नाही. नवरात्रात तर बघायलाच नको. नऊ दिवसांचे नऊ रंग हे काही पुराणात सांगितलेलं नाही. 'महाराष्ट्र टाइम्स'नं २००४च्या सुमारास ती टूम काढली आणि आमच्या डब्यानं ती धर्मकार्य समजून उचलली. ज्या दिवशी पिवळा असतो त्या दिवशी अख्खा डबा पिवळा, कॉलेजच्या मुलीपासून पुढच्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या बाईंपर्यंत. तिथे फिकं-गडद असं काही नसतं. पिवळा म्हणजे पिवळा.

आणि गळ्यात क्लिपांचे हार, हातात कानातल्यांचे पुठ्ठे घेऊन गर्दीतून सुळ्ळकन येणारी ती विक्रेती. तिच्याकडे बघून आमच्या समितीनं राजीनामा द्यावा. तिच्यासाठी डब्यातल्या सगळ्या बाया एकाच वयाच्या असतात.

"घे गं ताई, हे झुमके घे, राणीवर उठून दिसतील."

"वय झालं गं आता झुमक्यांचं."

"कानाला कुठं सुरकुत्या पडत्यात?" ती म्हणाली. भांडुप यायच्या आत पन्नास रुपयांना झुमके विकून ती पुढच्या डब्यात चढलीसुद्धा.

आमचा मंगळागौरीचा ग्रुप हे दुसरं ठिकाण. मुळात मंगळागौर नव्या नवरीची, लग्नानंतरच्या पहिल्या पाच श्रावणांतली. हल्ली नवरी खुर्चीवर बसून मोबाइलवर शूटिंग करते आणि पिंगा, झिम्मा, तवा फुगडी, सूप नाचवणं हे सगळं आम्ही करतो, ज्यांना डॉक्टरांनी जिना चढताना कठडा धरायला सांगितलंय. नऊवारी शिवलेली, आत इलॅस्टिक, अंबाडा तयार, क्लिपचा, नथ चापाची, आणि काष्ट्याच्या आत गुडघ्यांना नी-कॅप. २०२३मध्ये 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आम्ही याच वेशात गॉगल लावून थिएटरात गेलो होतो आणि तिथे गेल्यावर कळलं की बाकीच्याही तशाच आल्यात. गेल्या श्रावणात बस फुगडी घालताना माझी नथ उडाली ती समोरच्या रांगेतल्या एका आजोबांच्या कॉफीत पडली. त्यांनी ती चमच्यानं काढली, रुमालाला पुसली आणि उभं राहून परत केली. त्यांच्या कुटुंबाची त्यांच्याकडे बघायची नजर मी अजून विसरलेले नाही.

पैठणी घरी आली तेव्हा सगळ्यात आधी ती मागून घेतली सासूबाईंनी. वय ब्याऐंशी. रोज संध्याकाळी पाचला तोंड धुऊन, पावडर लावून, पातळ बदलून, केसांत एखादं मोगऱ्याचं फूल खोवून त्या गॅलरीत बसतात. कुणी येणार नसतं. मी या घरात आल्यापासून हा नेम चुकलेला पाहिला नाही, आणि आम्ही सुना मात्र संध्याकाळी गाउनवर ओढणी घेऊन दार उघडतो. त्यांच्या लग्नात मामंजींनी अफगाण स्नोची निळी बाटली आणली होती. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली काढलेला तो स्नो तेव्हा घरोघरी असायचा. "गोरं दिसायला लावला होता," त्या सांगतात, "पण फोटो काळा-पांढरा. सगळेच गोरे आलेत, हे सुद्धा."

त्यांनी पैठणीचा पदर हातावर घेतला, उलटा केला, मागच्या बाजूनं विणकाम नीट आहे ना ते बघितलं.

"राणी कलर मी साठीला सोडला. लोक हसतील म्हणून."

"कोण लोक?"

त्यांनी आठवून आठवून नावं घेतली. शेजारच्या काकू, त्यांच्या जाऊबाई, चुलतसासूबाई, देवळातल्या मामी. मग म्हणाल्या, "सगळ्या गेल्या गं. साडी ट्रंकेत तशीच आहे." आणि नातीला हाक मारली, "ट्रंक काढ बघू."

लग्नाच्या दिवशी आम्ही सासूसुना दोघीही राणी कलरमध्ये. हॉलच्या दारात फोटोग्राफरनं मला नम्रपणे बाजूला केलं आणि म्हणाला, "आजी, इकडे बघा. एकच." तो त्या सकाळी आजींच्या मागेमागे फिरला. मी झुमके हलवून पाहिले, उपयोग झाला नाही.

माझ्या दंडांवर अभिप्राय येत होते. "वा, मॉडर्न मामी!" "उन्हाळ्याचं बरं पडतं नाही?" विहीणबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत पैठणीचं कौतुक करत होत्या. मोठ्या जाऊबाईंनी रुपेरी बट मागे सारली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "धाडस आहे हो तुझं."

मग मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला. नवरा भाच्याच्या मागे मामा म्हणून उभा, शेजारी मी. समोर व्हिडिओवाल्यांचे दिवे. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुसऱ्याच 'सावधान'ला माझ्या पाठीतून एक कढ निघाला तो मानेवरून डोक्यात चढला. ज्यांना हॉट फ्लश म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनी मे महिन्यात, रेशमी पैठणी नेसून, चार दिव्यांसमोर, पुढच्या बाजूला नवरदेव आणि मागच्या बाजूला भिंत अशा जागी उभं राहावं. मास्तरांचा तो एसी स्टेजपर्यंत येत नव्हता. कपाळावरून धार सुरू झाली, भुवयांनी ती अडवली नाही कारण भुवया आता विरळ आहेत, आणि ती सरळ डोळ्यांत गेली. काजळ निघालं. मी डोळे पुसले. अजून निघालं. हातात होत्या त्या अक्षतांनी वारा घेता येत नाही. शेवटी आहेराचं पाकीट काढलं आणि त्यानं तोंडावर वारा घेऊ लागले.

खाली कुजबुज झाली. "मामींना भरून आलंय."

"मुलाकडच्या असून? बघा, केवढा जीव आहे भाच्यावर!"

व्हिडिओवाला लगबगीनं जवळ आला आणि त्यानं कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणला. नणंद हे बघून खरोखरच रडायला लागली. तिला बघून मुलीची आई रडायला लागली. मुलीच्या आत्यानं मला मिठी मारली, आणि त्या पाच मिनिटांत मला जे नको होतं ते तेवढंच होतं. नवऱ्यानं मात्र हळूच कानाशी तोंड आणून विचारलं, "पंखा लावायला सांगू?" पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं मोजकं आणि योग्य वाक्य तो बोललेला मला आठवत नाही. त्याच्या मिशांचा रंग माझ्या झुमक्याला लागला, त्यावर मी काही बोलले नाही.

लग्नाची फिल्म मागच्या आठवड्यात आली. त्यात माझा प्रसंग स्लो मोशनमध्ये आहे, मागे करुण सनई आहे, आणि पाकिटानं वारा घेताना माझा उजवा दंड पडदाभर हलतो आहे. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. मी ती क्लिप पहिल्यांदा बोटांच्या फटीतून पाहिली. मग चष्मा लावून पाहिली. मग थांबवून, मोठी करून पाहिली. काजळ सोडलं तर बाई बरी दिसत होती. पाठ तर उत्तमच. मास्तरांना एक बोट अजून वाढवायला सांगायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन. आधी त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग पाऊस. मग आंबे यंदा कसे लवकर संपले. मी धीर धरला. जाऊबाई मुद्द्यावर येताना नेहमी आंब्यांवरून येतात.

"अगं, तुझ्या त्या टेलरचा नंबर पाठवून ठेव जरा."

"तुमच्यासाठी का?"

"छे गं, माझ्यासाठी कशाला! माझी एक मैत्रीण आहे, तिला शिवायचंय. तू फक्त त्यांना एवढं विचार, माप द्यायला तिच्याऐवजी मी आले तर चालेल का. दंड आमचे सारखेच आहेत."